विकावयाच्या घराची डागडुजी



घर विकण्याचा निश्चय झाला म्हणजे आपण प्रथम रंगाऱ्याला बोलावतो. भिंतींना सफेदीचे दोन हात द्यावे, दारांना तेलरंग लावावा आणि गिऱ्हाइकाची दृष्टी प्रसन्न होईल एवढी तजवीज करून मोकळे व्हावे, असाच सर्वसाधारण विचार असतो. आणि पुण्याच्या जुन्या पेठेतील आमचे वडिलोपार्जित घर विक्रीस काढावयाचे ठरले, तेव्हा माझाही विचार याहून निराळा नव्हता. परंतु ज्याच्या आज्यापासून आमच्या घरचे काम चालत आले होते, त्या वृद्ध गवंड्याने माजघराच्या भिंतीवर तळहात ठेवला, नखाने गिलाव्याचा एक पापुद्रा उचलला आणि तो म्हणाला, “दादा, रंग कशावर देता? भिंतीला लोणा लागलाय. आधी पाणी कुठनं येतंय ते बघू.”

पाणी दोन ठिकाणांहून येत होते. वरची पन्हळ फुटल्यामुळे पागोळ्यांचे पाणी जोत्यालगत साचत होते, आणि मोरीची फरशी खचून तिचा उतार घराकडे वळला होता. पन्हळ बदलली, फरशी उखडून उतार अंगणाकडे काढला, मंगलोरी कौले चाळून फुटकी तेवढी नवी घातली. एक कौल सरकले तरी त्यातून झिरपणारे पाणी वाशावरून तुळईच्या टोकापर्यंत उतरते, तेथे लाकूड कुजू लागते आणि मागोमाग वाळवी येते. एका कौलाची उपेक्षा केली तर पुढे अख्ख्या तुळईचा खर्च अंगावर येतो, तो असा.

भिंत मजबूत दिसावी म्हणून सिमेंटचा गिलावा करावा, अशी सूचना एका हितचिंतकांनी केली. गवंड्याने तिला साफ नकार दिला, आणि त्याचे कारण मला आजही मोलाचे वाटते. माती आणि भाजक्या विटा यांची जुनी भिंत जमिनीतील ओल थोडीफार शोषून घेते व चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले, तर तीच ओल भिंतीत अधिक उंच चढते आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलाव्यासकट बाहेर पडते. म्हणून आम्ही लोणा लागलेला भाग खरवडून काढला, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवून वाळविली आणि मगच घाणीच्या चुन्याने गिलावा केला. रंग सर्वांत शेवटी लावला. स्वयंपाकघराची नवी मांडणी, नक्षीदार फरशा, असल्या खर्चात आम्ही शिरलो नाही. नव्या धन्याची आवड त्याची तोच जाणे.

या डागडुजीला कायद्याचेही अंग आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा कलम 55 मध्ये स्पष्ट सांगतो की, विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास सामान्य दक्षतेने उमगणार नाही असा महत्त्वाचा दोष, मग तो इमारतीत असो वा मालकी हक्कात, विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. तो दडवणे हे कपट मानले जाते. तेव्हा डागडुजी दप्तराचीही करावी लागते. मूळ खरेदीखत, मालमत्ता पत्रकावरील वारसांच्या नोंदी, घरपट्टीच्या पावत्या, जुना बोजा फिटल्याचा दस्तऐवज, ही सर्व कागदपत्रे बयाणा घेण्यापूर्वीच जुळवून ठेवावी. आमच्या पत्रकावर आजोबांचेच नाव राहिले होते, आणि ती नोंद दुरुस्त करून घेण्यास भिंत वाळण्याहून अधिक काळ लागला.

तुळईचे एक टोक वाळवीने पोखरलेले निघाले, तेथे नवे सागवान सांधले. तो सांधा आम्ही रंगाखाली झाकला नाही. घर पाहण्यास आलेल्या गृहस्थांना शिडीवर चढवून तो दाखविला, पूर्वी ओल होती ती भिंतही दाखविली, आणि त्यांनी सौदा मोडला नाही.

आपणांपैकी कोणास घर विकावयाचे असेल, तर माझी एवढीच विनंती आहे की, रंगाऱ्याला निरोप धाडण्यापूर्वी एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि पहिल्या मोठ्या सरीला कंदील घेऊन स्वतः माळ्यावर चढावे.