मॅडम, नुसती गोष्ट ऐकली तर चालेल?

आज पुस्तक लिहिण्याबद्दल नाही, पुस्तक विकण्याबद्दल बोलायचंय.

मी मुलांसाठी लिहिते. आतापर्यंत तीन पुस्तकं आली. पहिलं आलं तेव्हा मला वाटायचं, लिहायचं काम माझं, विकायचं काम प्रकाशकाचं. वर्षभराने हिशेबाचा कागद हातात पडला. छापल्या होत्या १००० प्रती, खपल्या होत्या १८०. किंमत १०० रुपये, रॉयल्टी १० टक्के. म्हणजे वर्षाचे १८०० रुपये.

मग मी सगळे जसं करतात तसंच केलं. मुखपृष्ठाचं रील, मागे संगीत, खाली ‘आजच मागवा’. लाइक्स भरपूर आले. पण कोणाचे? बहुतेक माझ्यासारख्याच लिहिणाऱ्यांचे! ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलं, तो सात वर्षांचा वाचक तिथे नव्हताच. त्याच्याकडे ना फोन, ना यूपीआय.

मुलांच्या पुस्तकाची खरी गोम इथेच आहे. वाचणारा एक आणि पैसे देणारा दुसराच. आई, बाबा, मावशी, शाळेतल्या बाई. मुलाला गोष्ट आवडायला हवी आणि मोठ्यांना भरवसा वाटायला हवा. नुसत्या जाहिरातीने यातलं एकही होत नाही.

म्हणून मी शाळांमध्ये जायला लागले. आणि एका शाळेत जे झालं, ते सांगायला मला आजही जड जातं.

शाळेने आदल्या दिवशी मुलांना निरोप दिला होता, पुस्तक हवं असेल तर १०० रुपये आणा. मी पोहोचले तेव्हा पैसे आणलेली मुलं हॉलमध्ये बसली होती, बाकीची वर्गात. मला ते कळलंही नसतं. पण दारात एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. म्हणाली, “मॅडम, मी पैसे नाही आणले. नुसती गोष्ट ऐकली तर चालेल?”

आणि मी काय केलं? बाईंकडे बघितलं आणि गप्प बसले. बाईंनी तिला परत वर्गात पाठवलं.

त्या दिवशी ४२ प्रती खपल्या. तोवरचा माझा सगळ्यात चांगला दिवस. एसटीने घरी येताना पिशवी रिकामी होती आणि मला रडू येत होतं. दोष शाळेचा होताच, पण ‘चालेल’ एवढा एक शब्द मला म्हणता आला असता.

तेव्हापासून मी काही नियम केलेत. तुमच्यापैकी कोणी मुलांसाठी लिहीत असेल, तर उपयोगी पडतील.

पहिला नियम. गोष्ट सगळ्या वर्गाला. ही अट मी फोनवरच सांगते. विक्री नंतर, शाळा सुटताना, पालक आले की. मुलांनी पैसे आणायचेच नाहीत.

दुसरा. मी अर्धीच गोष्ट वाचते, ऐन रंगात आली की थांबते. मुलं ओरडतात! पण प्रत्येक वर्गाच्या पेटीत एक प्रत मी माझ्याकडून ठेवते. लेखकाला सवलतीत ती ६० रुपयांना पडते. शेवट ज्याला वाचायचाय, त्याला तिथे वाचता येतो. घरी नेऊन पुन्हा वाचायचाय, तो आईच्या मागे लागतो.

तिसरा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘विकत घ्या’ लिहायचं नाही. तीन मिनिटांचं एक प्रकरण वाचून पाठवायचं. रात्री झोपताना ते ऐकलं जातं. आणि मुलांचे फोटो परवानगीशिवाय टाकायचे नाहीत.

चौथा. कॅलेंडर बघायचं. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन. शाळांना तेव्हा पाहुणे हवेच असतात. पण महिनाभर आधी विचारा.

लोक म्हणतात, फुकट ऐकवलंस तर विकत कोण घेणार? अहो, बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक फोनवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून गोष्टी मोफत देतंय, मराठीतही. म्हणून मुलांची पुस्तकं विकायची थांबली का? मूल एकच गोष्ट वीस वेळा मागतं. पुस्तक घरात हवं असतं ते त्या वीस वेळांसाठी.

माझं तिसरं पुस्तक पहिल्या वर्षी ४६० गेलं. यावर घर चालत नाही, खोटं कशाला सांगू? पण पहिल्यापेक्षा अडीचपट गेलं, आणि दारात कोणी उभं राहिलं नाही.

त्या शाळेत मी पुन्हा गेले होते, तिला शोधायला. तिने शाळा बदलली होती. तिच्या जुन्या वर्गाच्या पेटीत मी तिन्ही पुस्तकं ठेवून आले.

तुमच्यासाठी एकच काम. घरात भाचा, पुतणी, शेजारचं कोणी लहान असेलच. आज रात्री एक गोष्ट मोठ्याने वाचा, व्हॉइस नोट करा आणि पाठवून द्या. माझीच हवी असं काही नाही, कुठलीही चालेल.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा!