मुलांची शेतकी जत्रा आणि स्वयंसेवक
(केंद्रातील शिक्षक संमेलनात दिलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या शेतकी प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा मान मला मिळाला होता. पहिले बक्षीस मी एका भल्यामोठ्या दुध्या भोपळ्याला दिले. समारंभ आटोपल्यावर कळले की, तो भोपळा वडिलांच्या मळ्यातला होता. मुलाने तो केवळ उचलून आणला होता. शेजारीच चौथीतल्या एका मुलीने डब्यात लावलेली मेथी होती. ती किंचित पिवळी पडलेली, म्हणून मी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नाही. पण ती मेथी त्या मुलीने स्वतः पेरली होती आणि स्वतः वाढवली होती. माझ्या हातून घडलेला तो अन्याय मला अद्याप बोचतो. दोष त्या वडिलांचा फारसा नव्हता. मुलाला एकही प्रश्न न विचारता निकाल देण्याची जी रीत आम्ही मोठ्यांनी पाडली होती, तिचा होता. म्हणून अमेरिकेच्या ग्रामीण भागात ‘फोर-एच’ मंडळांच्या मुलांची जत्रा स्वयंसेवक कशी उभी करतात, हे आज आपणांपुढे मांडावे असे मी योजिले आहे.

या कार्याचा उगम शाळेत झाला, हे ऐकून आपणांस संतोष वाटेल. ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहॅम हे ग्रामीण शाळांचे अधीक्षक होते. १५ जानेवारी १९०२ रोजी त्यांनी सुमारे तीस मुलामुलींना स्प्रिंगफील्ड येथील न्यायकचेरीच्या तळघरात जमविले. मक्याचे चांगले बी लावणे, फुले व भाजीपाला वाढविणे, लिटमस कागदाने मातीचा आंबटपणा पाहणे, असे त्यांचे उद्योग होते. आयोवा राज्यात जेसी फील्ड या शिक्षिकेने १९०१ च्या सुमारास आपल्या खेड्यातील शाळेत मुलांसाठी मका-मंडळ व मुलींसाठी गृह-मंडळ काढले. १९०६ मध्ये त्या आपल्या काउंटीच्या शाळा-अधीक्षक झाल्या. पुढे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी महाविद्यालयांची विस्तार सेवा देशभर उभी राहिली आणि अशी मंडळे तिच्या छायेखाली आली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन ‘फोर-एच’ हे नाव पडले.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा, परंतु बहुधा पुष्कळ लहान विभाग. तेथे विस्तार सेवेचे पगारी कर्मचारी मोजकेच असतात. जत्रेचा भार वाहतात ते गावकरी : शेतकरी, गृहिणी, निवृत्त शिक्षक आणि पूर्वी याच मंडळात वाढलेले तरुण. प्रत्येक विभागाला एक स्वयंसेवक प्रमुख नेमलेला असतो. गाईगुरांचा वेगळा, सशांचा वेगळा, भाजीपाल्याचा वेगळा, शिवणकामाचा वेगळा. जत्रा बहुधा उन्हाळ्यात भरते, पण तिची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. नियमांचे पुस्तक छापून निघते. मांसासाठी वाढवायच्या जनावरांचे वजन प्रारंभीच करून कानात बिल्ला मारतात, म्हणजे आयत्या वेळी शेजाऱ्याचे धष्टपुष्ट जनावर उभे करता येत नाही. मुलाने खाद्य किती घातले, खर्च किती झाला, याची वही ठेवायची असते. माझा भोपळा तेथे पहिल्याच दारात अडला असता!

आता निवाड्याविषयी. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुष्कळ ठिकाणी तेथे ‘डॅनिश पद्धत’ चालते. तीत एका मुलाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूशी ताडून पाहत नाहीत. ठरलेल्या कसोटीशी ताडतात. उत्कृष्ट कामास निळी फीत, चांगल्या कामास तांबडी आणि ज्यात सुधारणेस बराच वाव आहे त्यास पांढरी. दहा मुलांचे काम उत्तम असेल तर दहाही निळ्या फिती घेऊन घरी जातात. आठ वर्षांखालील बालकांची तर स्पर्धाच नसते. त्यांच्या सहभागाचे तेवढे कौतुक करतात. परीक्षक शक्यतो बाहेरगावचा आणतात. अनेक विभागांत तो मुलाला समोर बसवून विचारतो : हे कसे केलेस, कोठे अडलास, पुन्हा करशील तर काय बदलशील? जवळ बसलेला स्वयंसेवक निकाल व शेरे लिहून घेतो. जनावरांच्या विभागात तर जनावराच्या अंगाबांध्याखेरीज, मूल ते कसे हाताळते, याचीही स्वतंत्र परीक्षा असते. त्यामुळे ज्याच्या घरी उंची जातीचे वासरू घेण्याची ऐपत नाही त्यालाही मान मिळविता येतो.

तेथील सर्वच अनुकरणीय आहे असे नाही. जत्रेच्या अखेरीस जनावरांचा लिलाव होतो आणि गावातले व्यापारी पुष्कळदा बाजारभावाहून अधिक रक्कम मोजतात. ज्या मुलाने महिनोन्‌महिने चारापाणी केले त्याला आपले डुक्कर किंवा बैल निरोप देऊन कसायाकडे पाठवावा लागतो. लिलावाच्या रात्री डोळे पुसणारी मुले तेथे नवीन नाहीत. यातून शेतीचे सत्य कळते, असे तेथील पालक म्हणतात. त्यांचे म्हणणे मी खोडून काढीत नाही, पण आपल्या शाळांत ही प्रथा आणावी असे मला वाटत नाही. शिवाय पैसा मोठा झाला की मोठ्यांचा मोहही वाढतो. जनावरांची औषध-तपासणी करण्याची पाळी तेथे आली ती त्यामुळेच.

आपल्याला लिलावाची गरज नाही आणि मांडवाचीही फारशी नाही. परसबागेतला एक वाफा किंवा एक डबा मुलाच्या नावे करून द्यावा आणि पेरणीच्या दिवशीच त्याची वही उघडावी. गावातील दोन-तीन जाणत्या शेतकऱ्यांना व बचत गटातील भगिनींना आधीच बोलावून कसोटी ठरवून घ्यावी. परीक्षक शेजारच्या गावचा असावा आणि प्रत्येक मुलाशी त्याने निदान तीन मिनिटे बोलावे. साठ मुले असतील तर एकट्याला तीन तास लागतील; म्हणून परीक्षक तीन बोलवा, परंतु पाहुण्यांची भाषणे आटोपती घ्या. माझेही त्यात आलेच.

वहीचा एक नमुना मी सोबत आणला आहे. चहाच्या वेळी तो पाहावा व सूचना कराव्यात. ‘काय बिघडले’ हा रकाना त्यात इतरांहून रुंद आखला आहे.