मय्यतीच्या आधी पोहोचू या
(युवक-युवतींच्या शिबिरात केलेले भाषण)



येत्या हिवाळ्यात आपल्या गावात पाच किलोमीटरची दौड घ्यायची आणि जमलेले पैसे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेला द्यायचे, असं तुमच्यापैकी काहींनी ठरवलं आहे. त्यावर सकाळच्या चर्चेत तीन प्रश्न आले. मरणाऱ्यापेक्षा वाचू शकणाऱ्यावर खर्च का नको? पैसेच द्यायचे तर धावायचं कशाला? आणि हा पैसा फक्त आपल्या लोकांसाठी का नको? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी एका पथकाबरोबर स्वयंसेवक म्हणून अशा रुग्णांच्या घरी जातो आणि थोडंफार धावतोही. त्या अनुभवावरून बोलतो.

पहिला प्रश्न. "आता आमच्या हातात काही नाही, घरी घेऊन जा," हे वाक्य ज्या घराने ऐकलं आहे, त्या घराला विचारा. डॉक्टरांचं काम तिथे संपतं, पण रुग्णाचं आयुष्य संपलेलं नसतं. आठवडे, कधी महिने बाकी असतात. हाडात शिरलेल्या कॅन्सरची वेदना असते, पाठीला जखमा होतात, धाप लागते, आणि उशाशी बसलेल्या बायकोला किंवा सुनेला झोप नसते. ही जबाबदारी बहुतेक घरांत बाईवरच पडते, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे मय्यतीला अख्खा मोहल्ला येतो. त्याआधीच्या तीन महिन्यांत त्या दारात किती जण येतात?

या काळातल्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आधी नर्स, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं. भीती, घरच्यांची काळजी, पैशाची चिंता, श्रद्धेविषयीचे प्रश्न हे सगळं मिळून ते बनतं, हा त्यांचा विचार. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, 1986 साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं केंद्र आहे, तिथे सेवा मोफत मिळते. ही सेवा मरण लवकर आणत नाही आणि लांबवतही नाही. मरेपर्यंतचं जगणं सुसह्य करते.

यातलं मुख्य औषध, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, महाग नाही. तरीही ते लोकांपर्यंत पोहोचलं नाही. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे परवान्यांचं जंजाळ उभं राहिलं आणि अनेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली, पण आजही ते सगळीकडे सहज मिळत नाही. म्हणजे इथे प्रश्न फक्त दानाचा नाही, हक्काचाही आहे.

आता धावण्याबद्दल. कॅनडाचा टेरी फॉक्स हाडाच्या कॅन्सरमुळे एक पाय गमावलेला तरुण. 1980 मध्ये कृत्रिम पायावर तो 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. कॅन्सर फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं आणि पुढच्या वर्षी, बावीसाव्या वर्षी, तो गेला. त्याची दौड कॅन्सरच्या संशोधनासाठी होती, हॉस्पिससाठी नव्हे. पण सामान्य माणूस धावतो तेव्हा सामान्य माणूस खिशात हात घालतो, हे त्याने दाखवलं. ब्रिटनमधल्या हॉस्पिसच्या खर्चाचा मोठा भाग आजही लोकांच्या देणग्यांतून येतो, आणि त्यात अशा दौडींचा वाटा असतो. आपल्याकडे 2004 पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्येही अनेक धावपटू एखादी संस्था निवडून तिच्यासाठी मित्रांकडून, नातेवाइकांकडून पैसे गोळा करतात.

पैसे मागणं, हाच या दौडीचा खरा फायदा. तुम्ही मामूंना म्हणाल, "मी पाच किलोमीटर धावणार आहे, किलोमीटरमागे वीस रुपये द्या." ते विचारतील, "कशासाठी?" मग ज्या विषयावर घरात कुणी बोलत नाही, त्यावर बोलावं लागेल. एखादी खाला हळूच सांगेल, वरच्या मजल्यावरची म्हातारी रात्रभर कण्हते. देणगीच्या पेटीतून पैसे येतील, पण असा पत्ता मिळणार नाही.

तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर केरळात मिळतं. 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पुढे मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांची पथकं उभी राहिली. दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी यांनी प्रशिक्षण घेतलं आणि थोडे थोडे पैसे जमवून गावोगावी केंद्रं चालवली. हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती स्वयंसेवक एकाच पथकात. 2008 मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच जाहीर केलं. आधी लोकांनी करून दाखवलं, मग सरकार आलं. दुखणं जात-धर्म बघत नाही; औषधाने तरी तो का बघावा?

आता कामाचं बोलू.

एक, टी-शर्ट, पदकं, मंच यांवर जमलेला पैसा उडवू नका. दुसऱ्याच आठवड्यात जमाखर्च सर्वांसमोर मांडा.

दोन, पैसे कुठे जाणार ते आधी ठरवा. पथकाच्या नर्सचा पगार, गाडीचं पेट्रोल, हवेची गादी, ड्रेसिंगचं सामान असं नेमकं सांगा. लोक नेमक्या गोष्टीला देतात.

तीन, रुग्णाचा फोटो पोस्टरवर लावू नका. त्याची अब्रू आपल्या वर्गणीपेक्षा मोठी आहे.

चार, मुलींना फक्त पाणी वाटायला उभं करू नका. त्या धावतील. ज्यांना धावता येत नाही ते चालतील. बुरखा, सलवार, ट्रॅकसूट, ज्याला जे सोयीचं ते.

पाच, दौड संपली की घरी जाऊ नका. भाग घेणाऱ्यांपैकी दहा जणांनी जरी प्रशिक्षण घेऊन आठवड्यातून दोन तास एका घरी दिले, तरी ती दौड यशस्वी झाली. त्या दोन तासांत ती सून झोपेल.

केरळात 15 जानेवारी हा पॅलिएटिव्ह केअर दिन म्हणून पाळतात. तारीख अजून ठरली नसेल, तर त्याच्या जवळचा रविवार घ्या. नावनोंदणीची वही इथे टेबलावर ठेवली आहे. त्यात दोन रकाने आहेत: एक धावणाऱ्यांचा आणि एक नंतर घरी जाणाऱ्यांचा. दुसरा रकाना आधी भरा.