श्वासाचा हिशेब

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



समितीने मला विषय दिला होता 'सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या आठवणी'. पण टँकर, लिफ्ट आणि पार्किंग या तिन्ही आठवणी माझ्याआधीच्या वक्त्यांनी संपवून टाकल्या! तेव्हा मी माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. ती तुम्हाला अर्धवट माहीत आहे. आमचा नातू सारखा खोकतो, त्याला काही लागण होणारं आहे का, असं काही वर्षांपूर्वी इथे विचारलं गेलं होतं. त्याचा राग नाही, तुमच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. तेव्हा आम्ही नीट उत्तर दिलं नाही, ते आज देतो. नातवाची परवानगी घेतली आहे. फक्त 'माझं नाव छापायचं नाही' असं त्याने बजावलंय.

त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हा जन्मतः असणारा आजार आहे, तो कोणाचा कोणाला लागत नाही. तो 2011 सालचा. लहानपणी खायचा भरपूर, पण अंगाला लागायचं नाही. खोकला जायचा नाही. उन्हाळ्यात त्याच्या कपाळावर पांढरी खर धरायची. आमची मंडळी त्याचा पापा घ्यायची आणि म्हणायची, "अहो, हा खारट लागतो." मी हसण्यावारी नेलं. एका डॉक्टरांनी क्षयाची औषधं सुरू केली, ती सहा महिने चालली. शेवटी 2013 मध्ये घामाची तपासणी झाली. घामातल्या क्लोराइडचा आकडा साठच्या वर गेला की हा आजार धरतात, त्याचा शंभराच्या पुढे होता. म्हणजे आजीच्या पाप्याने केलेलं निदान बरोबर होतं, आम्हीच ते दोन वर्षं उशिरा वाचलं.

हा आजार गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे नसतो, असं बरीच वर्षं समजलं जायचं. तो आपल्याकडेही आहे. क्षय, दमा, कुपोषण अशा नावांखाली तो दडून राहतो. याचं जनुक 1989 मध्ये सापडलं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही बिघडलेली जनुकं आली तरच आजार होतो. एकच आलं तर माणूस ठणठणीत, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आमच्याकडे काही नातेवाइकांनी सुनेकडे बोट दाखवलं, म्हणून मुद्दाम सांगतो. हे संयुक्त खातं आहे. दोघांच्या सह्या असल्याशिवाय चेक वटत नाही.

होतं काय, तर शरीरातले स्राव घट्ट होतात. तुमच्या-माझ्या फुप्फुसात पातळ ओलावा असतो, धूळ आणि जंतू त्याच्याबरोबर वर येतात आणि बाहेर पडतात. याच्याकडे तो ओलावा डिंकासारखा चिकट. जंतू आत गेला की मुक्कामच ठोकतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ खारट पाण्याची वाफ, छाती-पाठ थोपटणं, बाटलीतल्या पाण्यात नळीने फुंकर घालून बुडबुडे काढणं, जेवताना पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. यातलं आमचं पोरगं बुडबुड्यांवर खूश असायचं. आता तेरा वर्षांचा आहे, आता कशावरच खूश नसतो.

या फुप्फुसात येणाऱ्या जंतूंपैकी आमच्या घराला ज्याने नाचवलं त्याचं नाव स्यूडोमोनास. हा जंतू कुठून परदेशातून येत नाही. बेसिनची जाळी, नळाचं तोंड, साचलेलं पाणी, कुंडीतली ओली माती, जिथे ओल तिथे हा. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. पावसाळ्यात बाथरूमच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर धरतो ना, नुसतं पाणी टाकून जात नाही, घासावा लागतो? अशा थरात जंतू एकमेकांना चिकटून, वर स्वतःचंच पांघरूण घेऊन राहतात. स्यूडोमोनास नातवाच्या कफात हेच करतो. औषध त्या पांघरुणातून आत पुरेसं पोचत नाही. जे जंतू वाचतात ते त्या औषधाला सरावतात.

2019 मध्ये थुंकीच्या तपासणीत तो पहिल्यांदा दिसला. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदाच आलाय, आत्ताच हाकलला तर जाईल, एकदा ठाण मांडलं तर कठीण. अठ्ठावीस दिवस टोब्रामायसिन नेब्युलायझरमधून दिलं. पुढचे रिपोर्ट स्वच्छ आले. आम्ही पेढे वाटले, तुमच्यापैकी काहींनी खाल्लेही आहेत, निमित्त सांगितलं नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते मी बाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

2022 च्या पावसाळ्यात सुनेच्या आईचं ऑपरेशन होतं. मुलगा आणि सून आठ दिवस तिकडे. मी म्हटलं, बिनधास्त जा, मी छत्तीस वर्षं बँक सांभाळली, एक नेब्युलायझर सांभाळता येणार नाही का? त्याचे नियम ठरलेले आहेत. प्रत्येक वेळी भाग सुटे करायचे, साबणाने धुवायचे, पाच मिनिटं उकळायचे, स्वच्छ कापडावर पूर्ण वाळू द्यायचे. पहिले दोन दिवस मी सगळं केलं. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. नळाखाली खळबळून, झटकून, ओलेच भाग प्लास्टिकच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. पाच दिवस असंच चाललं. पुण्यातला जुलै, आपोआप वाळायचा प्रश्नच नव्हता. डबा मात्र दिसायला अगदी नीटनेटका.

तीन-चार आठवड्यांनी खोकला वाढला, वजन उतरलं. कल्चरचा रिपोर्ट आला. या रिपोर्टमध्ये डावीकडे अँटिबायोटिक्सची नावं आणि समोर एक अक्षर असतं. 'एस' म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, 'आर' म्हणजे दाद देत नाही. मी आयुष्यभर जमा आणि नावे हे दोन रकाने वाचले. पण त्या कागदासारखा ताळेबंद पाहिला नव्हता. वरून खालपर्यंत आर, आर, आर. मध्ये दोन एस.

मी डॉक्टरांना एकट्याने गाठून डब्याची हकीगत सांगितली. ते म्हणाले, "काका, तुमच्या डब्यातून आला की बेसिनमधून, की जुनाच लपलेला वर आला, हे मला सांगता येणार नाही. आणि औषधांना तो सरावला ते आपण इतकी वर्षं दिलेल्या औषधांमुळेच. ती दिली नसती तरी चाललं नसतं." सभ्य गृहस्थ. पण 'सांगता येणार नाही' म्हणजे 'तुमची चूक नाही' असं नव्हे, इतकं मला कळतं.

चौदा दिवस रुग्णालयात काढले. हाताच्या शिरेतून लांब नळी घालून एकाच वेळी दोन वेगळ्या जातींची अँटिबायोटिक्स चालू होती. या मुलांच्या शरीरातून बरीचशी औषधं लवकर बाहेर टाकली जातात, म्हणून मात्रा मोठी लागते. आणि मात्रा मोठी म्हणून मूत्रपिंड आणि कान यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. दोनदा कानांची तपासणी झाली. तिथे एक गोष्ट शिकलो. रिपोर्टवर आर आहे म्हणजे ते औषध अगदी फुकट, असं या आजारात दर वेळी नसतं. प्रयोगशाळेतल्या बशीतलं वागणं आणि फुप्फुसातलं वागणं यांत फरक पडतो. डॉक्टरांनी त्या आर-मधलंच एक औषध दुसऱ्याच्या जोडीला दिलं आणि पोराचा ताप उतरला. म्हणून रिपोर्ट हातात पडल्या पडल्या इंटरनेटवर बसून रडू नये. मी रडलो होतो.

घरी आल्यावर सुनेला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने एक तक्ता चिकटवला. तारीख, वेळ, धुतलं कोणी, तपासलं कोणी. बँकेत आम्ही याला मेकर-चेकर म्हणायचो, व्हाउचर एकाने करायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची. माझ्याकडे पेन देत ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगायचात ना, विश्वास वेगळा आणि सही वेगळी." तेव्हापासून आमच्याकडे सहीशिवाय नेब्युलायझर तोंडाला लागत नाही. स्यूडोमोनास अजून आहे. तो जाईल असं आता डॉक्टर म्हणत नाहीत, ताब्यात ठेवू म्हणतात. एक महिना वाफेतून औषध, एक महिना सुट्टी. त्याने शाळा फारशी बुडवलेली नाही आणि खाली क्रिकेट खेळून दोन काचा फोडल्या आहेत, त्यांची भरपाई मी दिली आहे.

कोणी म्हणेल, नवीन औषध निघालंय ना? निघालंय. तीन औषधांची एकत्र गोळी अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झाली, तिथल्या कित्येक मुलांचं आयुष्य तिने बदललं. मूळ बिघाडावरच ती काम करते, पण सगळ्याच जनुकदोषांवर चालत नाही. आपल्याकडच्या मुलांत दोष बरेचदा वेगळे असतात. मंजूर झाली तेव्हा तिची तिकडची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात होती, म्हणजे आपले दोन कोटींहून जास्त रुपये. एवढं कर्ज मंजूर करण्याचे अधिकार मला कधीच नव्हते.

एका गोष्टीचं वाईट वाटतं. याच आजाराची एक मुलगी याच शहरात आहे, त्याच्याच वयाची. दोघं रोज फोनवर बुद्धिबळ खेळतात. पण ती कधी समोरासमोर भेटलेली नाहीत, भेटायचं नाही असा दंडक आहे. कारण एकाच्या फुप्फुसातले सरावलेले जंतू खोकल्यातून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. तुम्हाला त्याच्यापासून धोका नाही, पण तिला आहे, आणि त्याला तिच्यापासून. जगात आपलं दुखणं ज्याला समजतं त्याच्याच जवळ जायचं नाही! मास्क, अंतर वगैरे 2020 मध्ये तुम्ही सगळे शिकलात. तेव्हा नातू म्हणाला होता, "आजोबा, आता सगळेच माझ्यासारखे झाले."

आता आपल्या सोसायटीबद्दल. बाहेरून प्लास्टर फोडायचं होतं तेव्हा सचिवांनी आठवडाभर आधी घरी येऊन सांगितलं, म्हणून आम्ही त्याला आत्याकडे पाठवू शकलो. त्या धुळीत बुरशीचे कण असतात, तेही अशा फुप्फुसात घर करतात. कंपोस्टचा खड्डा आमच्या खिडकीखालून पार्किंगच्या मागे नेला, तेव्हा वार्षिक सभेत पाऊण तास वाद झाला, पण ठराव शेवटी एकमताने झाला. खालच्या मजल्यावरची मुलं सर्दी असली की वर येण्याआधी फोन करतात. हे त्यांना कोणी शिकवलं, मला माहीत नाही.

एक विनंती मात्र करायची आहे. दोन-तीन वेळा मला जिन्यात विचारलं गेलं, "काका, नातवाची ती भारी अँटिबायोटिक्स आहेत ना, घसा धरलाय, चार गोळ्या द्या." नाही देणार. मी स्वतः नोकरीत असताना हेच करायचो. सर्दी झाली की औषधांच्या दुकानातून पट्टी आणायची, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेली टेबलाच्या खणात. सर्दी विषाणूने होते, तिच्यावर ती गोळी चालतच नाही. ज्याने पेनिसिलिन शोधलं त्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, तयार होतात. 2014 पासून आपल्याकडे बऱ्याच महत्त्वाच्या अँटिबायोटिक्सची विक्री दुकानदाराने रजिस्टरात नोंदवायची असते, डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिली, सगळं. पट्टीवर लाल रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय मागू नका. नातवाचा जंतू तुमच्यामुळे सरावला असं मी म्हणत नाही, तो आमच्या उपचारातून सरावला. पण दुसरे सरावलेले जंतू एकमेकांच्या हातांवरून, नाकातून फिरतात आणि लिफ्टचं बटण आपण सगळेच दाबतो. माझ्या नातवाच्या रिपोर्टवर आता दोनच एस शिल्लक आहेत.

समितीने जेवणाचा बेत उत्तम ठेवलाय असं ऐकलं, मसालेभात आहे. माझं पान मात्र वाढू नका, घरी पाठवलंत तर चालेल. साडेआठची वाफ आहे, आज धुणार आहे मुलगा आणि सही माझी आहे.