पोटातलं पाणी आणि दोन गोगलगाई



माझं लहानपण कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये गेलं. मराठी कुटुंब तिथे कसं, असं लोक हटकून विचारतात. उत्तर रेल्वेत आहे. पूर्वीच्या बंगाल नागपूर रेल्वेचं आणि १९५५पासून दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय गार्डन रीचला. नागपूर विभाग २००३पर्यंत याच रेल्वेत होता. त्यामुळे नागपूरची माणसं बदली होऊन हुगळीच्या काठावर यायची. माझे बाबा तसेच आले.

१९९८च्या पावसाळ्यात आई म्हणायला लागली, "पोट फुगल्यासारखं वाटतं गं. दोन घास खाल्ले की पुरे होतं." शेजारच्या काकीमा म्हणाल्या, "गॅस-अंबल!" बंगालमध्ये पोटाच्या निम्म्या तक्रारींचं नाव हेच. आम्ही दाखवलं त्या डॉक्टरांनाही तेच वाटलं. गोळ्या खाण्यात चार महिने गेले. परकराची नाडी पुरेना, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. पोटात पाणी साठलं होतं. बीजांडकोशाचा कॅन्सर, तिसरा टप्पा. आई पुढे दीड वर्ष राहिली.

मी तेव्हा बीएस्सीला होते. एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. बीजांडकोश खाली ओटीपोटात, मग गाठी वर जठरापाशी कशा पोचल्या? पुढे मी रेण्वीय जीवशास्त्र शिकले, आज तेच शिकवते. त्या प्रश्नाचं जे उत्तर मला मिळालं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

बहुतेक कॅन्सर रक्तातून किंवा लसिकेतून दूर पसरतात. हा कॅन्सर मात्र मुख्यतः पोटाच्या पोकळीतच, तिथल्या द्रवातून फिरतो. गार्डन रीचला हुगळीत भरती-ओहोटी येते. भरतीबरोबर जलपर्णीचे पुंजके वर सरकतात, ओहोटीला खाली येतात. जलपर्णी स्वतः पोहत नाही, पाणी नेतं तिकडे जाते आणि एखाद्या घाटाला अडकते. या कॅन्सरच्या पेशींचंही तसंच आहे. त्यांना चार गोष्टी जमाव्या लागतात.

पहिली, सुटणं. निरोगी पेशी शेजारणीला घट्ट धरून असतात. ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन ही पकड ठेवतं. स्नेल आणि स्लग नावाची दोन प्रथिनं या पकडीची जनुकं बंद करू शकतात. नावांचा अर्थ गंमतशीर आहे: एक शंखाची गोगलगाय, दुसरी बिनशंखाची. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं, की बीजांडकोशाच्या कॅन्सरच्या आक्रमकपणात या दोघींचा मोठा वाटा आहे. माझ्या आईच्या आजाराबद्दलचं इतकं महत्त्वाचं काम पुण्यात झालं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते.

दुसरी, तरंगणं. एकटी पेशी द्रवात सहसा मरते. म्हणून सुटलेल्या पेशी गोळे करून राहतात. व्हीईजीएफ नावाचं प्रथिन त्यांच्या मदतीला असतं. त्याने रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पोटात पाणी वाढतं. पाणी वाढलं की पेशींचा प्रवास सोपा होतो. आईची नाडी पुरत नव्हती, ती या पाण्यामुळे.

तिसरी, रुजणं. रक्ताच्या तपासणीतलं सीए-१२५ तुम्ही ऐकलं असेल. ते या पेशींच्या अंगावरचं मोठं प्रथिन आहे. पोटाच्या आतल्या अस्तरावर मेसोथेलिन नावाचं प्रथिन असतं. ही दोन एकमेकांना चिकटतात. म्हणजे ज्या खुणेवरून आपण आजाराचा अंदाज घेतो, तीच पेशीला घाटाला लागायला मदत करते.

चौथी, पोट भरणं. आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीची झालर असते, तिला ओमेंटम म्हणतात. हा कॅन्सर तिथे हमखास जातो. २०११मध्ये शिकागोच्या एका गटाने याचं कारण दाखवलं: तिथल्या चरबीपेशी कॅन्सरपेशींना बोलावतात आणि आपली स्निग्धाम्लं त्यांना पुरवतात.

याचा उपयोग काय, असं विचाराल. व्हीईजीएफ अडवणारं बेव्हासिझुमॅब आज वापरात आहे. ज्यांच्यात बीआरसीए जनुकाचा दोष आहे, त्यांच्यासाठी ओलापॅरिबसारखी औषधं आहेत. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. लक्षणं नसलेल्या बायकांची सरसकट तपासणी करून फायदा दिसलेला नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर असा अभ्यास झाला. २०२१मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय सीए-१२५ पोटाच्या क्षयातही वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतं. म्हणून उगाच ती तपासणी करून घाबरू नका.

मग करायचं काय? दोन गोष्टी.

एक. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोट दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं. यातलं काही नव्याने सुरू झालं आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस राहिलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. विशेषतः पन्नाशीच्या पुढे. बहुतेक वेळा दुसरंच काही निघेल. निघू दे.

दोन. घरातला आजार लपवू नका. आई गेल्यावर अनेक वर्षांनी नागपूरच्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला. घरात ठरलं, मुलींची लग्नं व्हायचीत, बोलायचं नाही. मावशीनेच ते मोडलं. तिने जनुकतपासणी केली. बीआरसीए-१मध्ये दोष निघाला. मग तिने मला फोन केला, "तूही करून घे." हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून मुलांकडे येण्याची शक्यता निम्मी असते. माझ्यातही निघाला. चाळिसाव्या वर्षी मी गर्भनलिका आणि बीजांडकोश काढून घेतले. सोपं नव्हतं, पाळी एका दिवसात संपली, कित्येक महिने झोप नव्हती. पण मला निवड करता आली. आईला तेवढाही वेळ मिळाला नव्हता.

माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिची तपासणी मी करवलेली नाही. सज्ञान झाल्यावर ती ठरवेल. पण तिला सगळं माहीत आहे, आजीच्या परकराच्या नाडीपासून दोन गोगलगाईंपर्यंत.

आज घरी गेल्यावर आपल्या आईला, मावशीला, आत्याला एकदा विचारा, "पोट कसं आहे?" आणि "गॅस आहे गं" असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्नही विचारा: "किती दिवसांपासून?"