मंगळावरील सिमेंट आणि आपली भट्टी
(ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



मंगळावर घर बांधावयाचे तर सिमेंट कोठून आणावे, हा विषय आम्ही कळविला तेव्हा काही मंडळींनी स्मित केले. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी चुना भाजला, त्या लोणारी समाजाने हा प्रश्न विचारावयाचा नाही, तर कोणी?

चुनखडी व चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजून सिमेंट करतात. त्यास घट्ट होण्यासाठी पाणी लागते. मंगळावर चुनखडीचा अंश आहे. २००८ साली फिनिक्स यानास तो तेथील मातीत आढळला. खरी अडचण पुढेच आहे. तेथील हवेचा दाब आपल्याकडील शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. उघड्यावरील पाणी गोठते किंवा उडून जाते. जळण नाही, ते पेटावे इतका प्राणवायूही नाही. भट्टी लागावी कशी आणि कळीचा चुना विरवावा कशाने?

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली गंधकाचा उपाय मांडला. गंधक सुमारे १२० अंशांस वितळतो. त्यात मंगळासारखी कृत्रिम माती समभाग कालवून साच्यात दाबली की निवताच दगड तयार. आपल्या घरची गुळाची चिक्कीच म्हणा ना! पाण्याचा थेंब नको. असा ठोकळा दर चौरस सेंटिमीटरास ५०० किलोंहून अधिक भार सोसतो. मात्र आगीजवळ तो टिकावयाचा नाही, हा दोष लहान नव्हे. २०२४ साली क्युरिऑसिटी गाडीच्या चाकाखाली मंगळावरील एक दगड फुटला, तो आत शुद्ध गंधकाचे पिवळे स्फटिक!

आम्हांस अधिक नवल वाटले ते बंगळूरचे. भारतीय विज्ञान संस्था व इस्रो येथील शास्त्रज्ञांनी २०२२ साली तशाच मातीत जिवाणू, युरिया, गवारीचा डिंक आणि निकेल क्लोराइड मिसळून विटा केल्या. ते जिवाणू मातीच्या कणांमध्ये चुनखडीचे स्फटिक घडवितात. भट्टीविना चुनखडी! पाणी मात्र येथेही लागतेच.

आपली भट्टी मंगळावर जाणार नाही, हे उघड आहे. परंतु 'भट्टीवाले' या शब्दाने आपली मुले शाळेत खाली मान घालतात, हे आम्ही वर्गात अनेक वर्षे पाहिले आहे. ज्या पदार्थापायी त्यांना लाज वाटते, त्याच्याच अभ्यासात आज विद्यापीठे गुंतली आहेत, हे त्यांना कोण सांगणार? आणि भाजणीची खूण, विरवणीचे प्रमाण, घाणीतील मळणी हे जाणणारे वृद्ध आता थोडेच उरले आहेत.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. यंदाची एक शिष्यवृत्ती रसायनशास्त्र वा स्थापत्य शिकणाऱ्या मुलास किंवा मुलीस द्यावी; आणि तिच्या मोबदल्यात सुट्टीत त्या विद्यार्थ्याने दोन वृद्धांकडे बसून ही माहिती लिहून आणावी. वह्यांचा खर्च आम्ही देऊ.