उत्सवमूर्तीची पाठ

फ्लॉरेन्स शहरी एकट्याने दिवसभर हिंडून बार्जेल्लो संग्रहालयातला दोनातेल्लोचा ब्राँझचा दाविद डोळे भरून पाहून आलेले प्रवासी आपल्यात आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. परंतु त्या दाविदाच्या सुमारे चार शतके आधी, चोल राजांच्या अमदानीत, कावेरीकाठच्या कारागिरांनी धातूचे जे देह घडविले, त्यांच्यासाठी चेन्नईच्या एग्मोर भागातील, १८५१ साली स्थापन झालेल्या सरकारी संग्रहालयात एक सबंध दिवस काढणारा मराठी माणूस क्वचितच भेटतो, याची मला मनापासून खंत वाटते. जावे ते एकट्यानेच. कारण या मूर्ती समोर उभे राहून पाहावयाच्या नसून त्यांच्याभोवती सावकाश फिरावे लागते, आणि सोबत्याची पावले पुढल्या दालनाकडे वळली की आपलेही चित्त ढळते.

प्रथम बैठक पाहावी. तिच्यातली छिद्रे आणि कड्या मिरवणुकीसाठी दांडे ओवण्याकरिता आहेत. म्हणजे ही गर्भगृहातील अचल दैवते नव्हेत, तर नगरात फिरणाऱ्या उत्सवमूर्ती. मिरवणुकीत त्या रेशमी वस्त्रांनी, अलंकारांनी आणि पुष्पमालांनी इतक्या मढविल्या जात की भक्तांच्या दृष्टीस मुखाखेरीज फारसे काही पडत नसे; आणि तरीही पाठीचा पन्हळ, खांद्याचा उतार, पोटरीची गोलाई या साऱ्यांवर शिल्पकाराने मुखाइतकीच निगा राखली. कोणी पाहणार नाही हे ठाऊक असता केलेले हे काम मला या कलेचे परम वैभव वाटते.

हा मृदुपणा धातूत आला तो मेणातून. आधी मेणाची मूर्ती घडवावयाची, तिच्यावर नदीच्या बारीक गाळाचे लेप चढवावयाचे, तापवून मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत रस ओतावयाचा. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे तिची जुळी बहीण संभवत नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ज्या ‘मानसोल्लासा’त, १२व्या शतकात, आपल्या मराठीचेही प्राचीन शब्द नोंदविले, त्याच ग्रंथात ही कृती तपशीलवार दिली आहे. फ्लॉरेन्सचे ओतकाम बहुधा आतून पोकळ असे. चोल मूर्ती भरीव आहे, आणि तिचा भार एका वाकल्या गुडघ्यावर तोललेला पाहताना डोळ्यांना ते वजन जाणवते.

तिरुवालंगाडूच्या नटराजासमोर सर्वाधिक वेळ द्यावा. त्याचे प्रभामंडळ आज उरलेले नाही. पण त्यामुळेच देहाची बाह्यरेषा निर्वेध दिसते. खुद्द रोदँसारख्या फ्रेंच शिल्पकाराने केवळ छायाचित्रांवरून १९१३ साली त्यावर लेख लिहिला. मग प्रत्यक्ष मूर्ती ज्यांच्या आवाक्यात आहे त्यांनी पाच मिनिटांत निघून जावे काय? तिरुवेंगाडूच्या अर्धनारीश्वरात पुरुषांगाला दोन हात आणि स्त्रीअंगाला एक, तरीही तोल कोठेही ढळत नाही. मात्र ती किमया समोरून नव्हे, बाजूला सरकत गेल्यास उमगते, कारण कटीचे वळण तेथूनच एका देहातून दुसऱ्या देहात शिरताना दिसते.

शुक्रवारी संग्रहालय बंद असते, एवढे ध्यानात असू द्यावे. आणि मुक्काम पंगुनी महिन्यातील उत्सवाच्या दिवसांत असेल, तर संध्याकाळी मैलापूरला कपालीश्वराच्या मंदिराकडे जावे. तेथे वस्त्रालंकारांखाली झाकलेल्या मूर्ती रस्त्यावरून जाताना, सकाळी पाहिलेल्या गुडघ्याचा आणि कटीचा माग रेशमाच्या चुण्यांतून घेता येतो का, ते अवश्य पाहावे.